जेवणातला ज

“बोन-जोर्नो,” काका म्हणाले. “सकाळी कुणीही समोर आलं की हेच. लिही.”

पुतणी लिहू लागली. परवा तिचं विमान होतं. इटलीतल्या एका वृद्धाश्रमात तिला नर्सची नोकरी लागली होती, आणि निघण्याआधी चार शब्द काकांकडून शिकून ये, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. काकांनी इटालियन जहाजाच्या लाँड्रीत अठ्ठावीस वर्षं काढली होती. घरात समुद्र ओलांडलेला तो एकच माणूस.

खिडकीशी काकूंचं शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

“जोरातला ज नाही गं,” काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. “जेवणातला ज. बुओन-ज्योर्नो.”

काका हसले. “हिला काय विचारतेस? ही साध्या होडीत बसलेली नाही कधी.”

“बरं काका, धन्यवाद कसं म्हणायचं?”

“ग्रा...” काका अडले. त्यांनी कपाळ चोळलं. “ग्राशी. नाही, ग्राचे. अगं, दिवसातून शंभरदा म्हणायचो मी!”

“ग्रात्सिए,” काकू म्हणाल्या. “चमच्यातला च, चहातला नव्हे. आणि शेवटचा ए खाऊ नकोस. हे खायचे, तेव्हासुद्धा.”

पुतणीने हळूच आपली खुर्ची मशीनकडे वळवली. काकू सुईत दोरा ओवता ओवता सांगत राहिल्या. काही मागायचं तर पेर फावोरे. कुणाच्या खोलीत जायचं तर पेर्मेस्सो. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्यावर थांबून म्हणायचं, म्हाताऱ्या माणसांना बरं वाटतं.

“काकू, तुम्हाला हे सगळं कसं येतं?”

“ह्यांनीच शिकवलं. पहिल्या सुट्टीत कागदावर लिहून दिलं होतं. पुढच्या फेरीला बायकांना न्यायची परवानगी मिळणार होती ना. तिथे जाऊन मी मुकीबहिरी उभी राहायला नको, म्हणून घोकायचे. उशीचा एक अभ्रा शिवून झाला की एक शब्द. हे परत येईपर्यंत सगळा कागद तोंडपाठ.” काकू स्वतःशीच हसल्या. “आणि ह्यांचा उच्चार तेव्हा काय गोड होता! खालच्या मजल्यावरची विचारायची, नवा रेडिओ घेतलात का?”

काकाही हसले, पण थोडंच.

“त्या फेरीला परवानगी मिळाली नाही,” ते म्हणाले. “मग त्याच्या पुढच्या फेरीला मिळाली, तर हिची आई आजारी. मग...” पुढचं त्यांना आठवेना, की सांगवेना, कोण जाणे. “नेलं नाही मी हिला,” ते पुतणीला म्हणाले, दुसऱ्याच कुणाची तक्रार करावी तसं.

“नेलं नाहीत म्हणून तर लक्षात राहिलं,” काकू म्हणाल्या. “जाऊन आले असते, तर मीही विसरले असते.”

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर काकांना सोपं गेलं असतं.

पुतणीने वहीचं पान उलटलं. “माफ करा म्हणायचं असेल तर?” तिने घाईघाईने विचारलं.

“स्कूझी,” काका म्हणाले. या वेळी ते अडले नाहीत.

“बरोबर,” काकूंनी मान हलवली. “पण ते परक्या माणसाला. आपल्या माणसाला स्कूझा.”

पुतणीने दोन्ही शब्द लिहिले, दुसऱ्याखाली रेघ ओढली. मान वर केली तेव्हा काका तिच्याकडे बघत नव्हते.

“स्कूझा,” काका काकूंना म्हणाले.

काकूंनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं.

“परत एकदा म्हणा.”