न उचललेला पेला

थाओंनी अजून चहाच्या पेल्याला हात लावला नव्हता. पडद्याआड उभ्या लुआनचं सगळं लक्ष त्या पेल्यावर होतं. यजमानाने पेला उचलला की भेट संपली, मग लुआनने "पाहुणे निघाले!" असा पुकारा करायचा आणि पाहुण्याने निमूट उठायचं. पेकिंगच्या परराष्ट्र खात्यात तीस वर्षं तो हेच करत आला होता. अलीकडे तर मंत्र्यांनाच निरोप देता देता त्याचा घसा बसायची वेळ आली होती. एकाची ऊब जायच्या आत दुसरा खुर्चीत हजर. थाओ या वर्षातले पाचवे.

चौथे, म्हणजे मू, समोर पाहुण्याच्या जागी बसले होते. रेशमी रुमालात बांधलेला खात्याचा शिक्का त्यांनी आल्या आल्या थाओंपुढे ठेवला होता. आता काम उरलं नव्हतं, तरी त्यांना उठवत नव्हतं. बायको गेल्या हिवाळ्यात गेली. घरी वाट बघायला पिंजऱ्यातला एक चंडोल तेवढा होता. थाओंना हे ठाऊक होतं. लहानपणी त्यांचा हात धरून कुंचल्याने अक्षरं गिरवून घेणारे गुरुजी हेच.

"तू शाईची वडी चाटली होतीस, आठवतं? आठ दिवस ओठ काळे!"

"आणि तुम्ही आईला सांगितलंत, पोरगं विद्या गिळायला निघालंय."

दोघेही पोट धरून हसले.

चिटणीस तिसऱ्यांदा आत आला आणि थाओंच्या कानाशी लागला. "साहेब, पंतप्रधानांनी बाराच्या आत बोलावलंय. नाही गेलात तर नेमणुकीचा हुकूम फिरेल. तिथे चौघं टपून बसलेत. एक घोट घ्या ना!"

थाओंनी शिक्क्याकडे पाहिलं. या खुर्चीसाठी त्यांनी सोळा वर्षं परक्या मुलखातल्या वकिलातींत काढली होती. पेला हाताशीच होता.

"लुआनबाबा," ते म्हणाले, "गुरुजींचा चहा गार झाला. दुसरा आणा."

लुआनने दुसरा आणला, मग तिसराही. बाराची तोफ झाली तेव्हा गुरुजी शाळेमागच्या जर्दाळूच्या झाडाची गोष्ट रंगवून सांगत होते.

शेवटी मू आपणहून उठले. "चल रे, चंडोलाला दाणे घालायचेत." थाओंनी त्यांना हात दिला, हातरिक्षात बसवलं आणि थेट घरापर्यंत सोडून आले.

परतले तेव्हा दारात नवी मोटार उभी होती. चिटणिसाने मान खाली घातली. थाओ आपली टोपी घ्यायला आत गेले. खुर्चीत सहावे बसले होते. त्यांनी तोंडदेखलं "बसा" म्हटलं, थाओ पाहुण्याच्या जागी टेकतात न टेकतात तोच पेला उचलला आणि पडद्याकडे पाहिलं.

पुकारा आलाच नाही. लुआन वाफाळता पेला घेऊन बाहेर आला आणि त्याने तो थाओंच्या पुढ्यात ठेवला.

"सावकाश घ्या, साहेब. सकाळपासून तुम्ही एक घोटही घेतला नाहीत."