अंगणातला दगड

ग्रीसमधल्या थेसालोनिकीत फोतिनी पाहुण्यांना त्यांच्या मर्जीप्रमाणे शहर दाखवायची. पण आजच्या सापोर्ता आजोबांना पांढरा बुरूजही नको होता आणि चर्चही.

"मला लोकांची अंगणं दाखव, पोरी," ते म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धात आम्हा ज्यूंची दफनभूमी उखडली आणि थडग्यांचे दगड गावभर फरशीला गेले. माझ्या आजीचा कुठे दिसतो का बघायचंय."

फोतिनीच्याच अंगणात, नळापाशी, हिब्रू अक्षरं कोरलेला एक दगड होता. तो बघायला आलेल्या महापालिकेच्या माणसाला सासूबाईंनी झाडू घेऊन पिटाळलं होतं.

दुपारपर्यंत तिने वरच्या गावातल्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, फक्त स्वतःची टाळली. आजोबा प्रत्येक दगडापाशी वाकत, तळव्याने माती पुसत आणि मान हलवून उठत. शेवटी ते एका पायरीवर मटकन बसले.

"राहू दे आता. तुझा काय दोष?"

ते शब्द मात्र तिला सोसवले नाहीत. हाताला धरून तिने त्यांना सरळ आपल्या घरी नेलं. फाटक ढकललं, तर सासूबाई समोरच उभ्या.

"आई, ओरडू नका," फोतिनी घाईघाईने म्हणाली. "हे सापोर्ता. यांच्या आजीला इथल्या दफनभूमीत पुरलं होतं. हे आपला दगड बघायला आलेत."

सासूबाईंनी म्हाताऱ्याचं तोंड नीट निरखलं आणि हाताला धरून त्यांना नळापाशी नेलं.



"आलं बाई एकदाचं या दगडाच्या घरचं माणूस!" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी मेल्यावरच येता की काय."