सगळीकडे जाता येईल अशी जागा

आज वालमीरची बस नाही, हे नीम शहराच्या बसस्थानकावर सगळ्यांना ठाऊक होतं. कबुतरांनासुद्धा. ती त्या थांब्याच्या फरशीवर पाय पोटाशी घेऊन निवांत बसली होती. ठाऊक नव्हतं ते एकट्या एदमोंला. आणि एदमोंची अख्खी नोकरी उत्तरेकडच्या एका शहरात ट्रामची वेळापत्रकं बसवण्यात गेलेली.

"अहो, पण आज तूसँ आहे!" तो ड्रायव्हरला सांगत होता. "आज सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवायला निघतो. आमच्याकडे या दिवशी मी स्वतः दफनभूमीकडे जादा गाड्या सोडायचो. आणि तुम्ही आहे तीच गाडी काढून घेता?"

उझेसच्या बसला टेकून सिगारेट ओढत असलेल्या ड्रायव्हरने राख झटकली. "मोस्यू, ड्रायव्हरांचीही माणसं मेलेली असतात."

योलांद बाकावर बसून होती. मांडीवर पिवळ्या शेवंतीची कुंडी, कुंडीला दुकानातला सोनेरी कागद.

"काल जाऊ, म्हणत होते मी," ती नवऱ्याला म्हणाली.

"सणाची फुलं सणाच्या दिवशी ठेवायची असतात."

"ओदेतला आता काल काय नि आज काय."

एदमों यावर काहीतरी बोलला असता, पण तेवढ्यात एक तरुण मुलगी पुढे आली. पाठीवर तिच्याएवढीच सॅक. मागे तिचा नवरा, हातात शहरांची माहितीपत्रकं पत्त्यांसारखी धरलेली.

"माफ करा मोस्यू, तुम्हाला इथली माहिती दिसते. आम्ही ब्रिटनीचे. वसंतात पुन्हा येऊन दक्षिण बघायचीय, पण गाडी नाहीये. बस आणि ट्रेन, एवढंच. तर मुक्काम कुठे ठोकावा? हा म्हणतो आर्ल, मी म्हणते आव्हिन्यों."

उपाशी माणसापुढे पान वाढावं तसं झालं. एदमोंची पाठ ताठ झाली. बस नसल्याचं दुःख त्याने घडी करून खिशात ठेवलं.

"आर्ल देखणं आहे. बायको म्हणून चालेल, मुक्काम म्हणून नाही. परतायच्या वेळेला तिथल्या बसेस झोपलेल्या असतात. आव्हिन्योंला वेगाची गाडी तुम्हाला शहराबाहेर उतरवणार, मग दुसरी गाडी धरा. मार्सेयमध्ये सगळंच आहे, त्यामुळे तिथून तुम्ही हलणारच नाही." त्याने बोटाने हवेत एक वर्तुळ काढलं आणि त्याच्या मधोमध टिंब दिलं. "मुक्काम म्हणजे चाकाचा आस, पोरी. तो हा. नीम. इकडे समुद्र, इकडे डोंगर, इकडे रोमन लोकांचा पूल. दिवसभर हवं तिथे भटका, रात्री आपल्या बिछान्यात."

"तुला सांगत होतोच, कुणाला तरी विचार म्हणून," नवरा म्हणाला.

"तू आर्ल म्हणत होतास, शहाण्या." मग मुलगी जरा घुटमळली. "तसं याच्या मावशीचं घरही आहे इकडे, सेव्हेनच्या डोंगरात. एकटीच असते. म्हणते, वरची खोली रिकामी आहे, इथेच राहा."

"बसेस किती?"

"सकाळी एक. संध्याकाळी एक."

एदमों हसला. "मग तो मुक्काम नव्हे, ती विहीर आहे! पडलात की पडलात. नीममध्ये राहा. इथून मावशीकडे काय, कधीही जाता येईल."

योलांदने मान वर केली. हे वाक्य तिने मार्च महिन्यात, उत्तरेकडून येऊन नीममध्ये मुक्काम ठरवताना ऐकलं होतं, अक्षराचाही फरक नव्हता. तेव्हा फक्त मावशीच्या जागी बहीण होती.

"तुम्ही पण भरपूर फिरला असाल ना, मादाम?" मुलीने विचारलं.

"सगळीकडे. आर्ल तर पुन्हा पुन्हा. समुद्रावर आम्ही मासे खाल्ले, पुलाखाली नदीत पाय सोडून बसलो. याचा एकही बेत चुकला नाही." तिने कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. "वालमीरला बहीण होती माझी. तिची पण वरची खोली रिकामी होती."

"मग तिकडे?"

"एकदा गेलो. ऑगस्टमध्ये. तिला पुरायला. भाची गाडी घेऊन आली होती न्यायला."

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माहितीपत्रकांकडे.

"दर आठवड्याला मी म्हणायचोच की," एदमों हळूच म्हणाला, "की पुढच्या आठवड्यात वालमीर. फक्त ती संध्याकाळची बस... ती परतीला जुळत नव्हती. रात्री तिथेच राहावं लागलं असतं."

"हो. राहावं लागलं असतं," योलांद म्हणाली. "जूनमध्ये ओदेत फोनवर म्हणायची, तुझ्या नवऱ्याचं चाक फिरत फिरत येईल इकडे कधीतरी. आणि मी हसायचे. मीच हसायचे."

ड्रायव्हरने सिगारेट विझवली आणि बसचं दार उघडलं. ब्रिटनीची जोडी चढली. निरोप घ्यायचा की नाही हे त्यांना ठरवता येईना. शेवटी मुलीने कुंडीकडे बघून मान झुकवली. बस गेली. स्थानकावर कबुतरं उरली आणि ही दोघं.

एदमोंने खिसे चाचपले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग स्थानकाच्या पुढच्या अंगाला उभ्या असलेल्या गाड्यांकडे पाहिलं.

"टॅक्सी करू," तो म्हणाला. "पैशांचं राहू दे. आत्ता निघालो तर दुपारच्या आत पोहोचू. दारात नेऊन सोडेल."

योलांद कुंडीवरचा सोनेरी कागद सरळ करत होती.

"टॅक्सी जूनमध्येही होत्या, एदमों."

वरच्या रेल्वेच्या पुलावरून समुद्राकडे जाणारी आगगाडी खडखडत निघाली. एदमोंचं लक्ष सवयीने मनगटाकडे गेलं. वेळेवर होती.