मानपत्रातील वाक्य

मुंजाबांनी शंभरी गाठली, तेव्हा गारखेड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाला त्यांचा सत्कार सुचला. मानपत्राचा मजकूर जुळवायला निवृत्त शिक्षक शिवशंकरराव वही घेऊन घरी आले. मुंजाबा तृप्त होते. मागे वळून पाहिले तर आयुष्य आपल्याच हाताने नांगरलेल्या वावरासारखे सरळ दिसे, आणि त्यात दुसऱ्या कुणाचे पाऊल उमटलेले त्यांना आढळत नसे.

“दीर्घायुष्याचं रहस्य काय लिहू, आबा?”

“कुणाचा मिंधा राहिलो नाय. शंभर वर्षांत कुणाला घोटभर पाणी बी मागितलं नाय. लिव्हा.”

शिवशंकररावांनी ते भक्तिभावाने उतरवून घेतले. स्वावलंबनाचा इतका सुबक दाखला मानपत्रांच्या वाङ्मयातही विरळाच.

बोलून घसा कोरडा पडला, तसा मुंजाबांचा उजवा हात अठ्ठावन्न वर्षांच्या सवयीने बाजूला गेला आणि पसरलेलाच राहिला. त्यांची सून, चौऱ्याहत्तर वर्षांची वच्छलाबाई, शेजारीच मेथी निवडत होती. भरलेला पेला तिच्या गुडघ्यापाशी होता. ती हलली नाही.

मुंजाबांनी रिकाम्या हाताकडे पाहिले, मग पेल्याकडे, आणि बऱ्याच वेळाने तिच्याकडे. त्यांना हसू आले.

“वच्छला, पाणी दे.”

तिने दिले. ते सावकाश, चवीने प्यायले. “गुरुजी, तेवढं वाक्य खोडा.”

“राहू द्या की, मामंजी,” मेथीतून मान वर न करता वच्छलाबाई म्हणाली. “आजपस्तोर खरंच होतं ते.”