दुसरा तक्ता

जाहिरातींतल्या बायका आणि पुरुष काय करताना दिसतात, हा माझा पीएचडीचा विषय. प्रत्येक जाहिरात दोघांनी वेगवेगळी पाहायची, त्यातली माणसं 'कामावर' की 'घरी' ते आपापल्या तक्त्यात भरायचं आणि दोन्ही तक्ते जुळले पाहिजेत, असा नियम. दुसरा तक्ता भरणारी मैत्रीण ऐनवेळी आजारी पडली, म्हणून आईला बसवलं.

माझ्या तक्त्यात 'कामावर' नऊ बायका. आईच्या तक्त्यात एकशे बारा!

"अगं आई, ही तर घरात भांडी घासतेय!"

"मग, झोपा काढतेय का?"

"आणि हा सोफ्यावर पेपर वाचणारा साहेब?"

"तो घरी."

कपाळाला हात लावून मी दोन्ही तक्ते माझ्या गाइड मॅडमपुढे ठेवले. त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग माझ्याच तक्त्यावर लाल काट मारली. "तुझे रकानेच चुकलेत. नव्याने पाड. आणि दुसरा तक्ता भरणारीचं नाव शोधनिबंधावर आलंच पाहिजे. कोण गं ही?"

"माझी आई."

"काय करते?"

हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आजवर 'घरीच असते' असं सांगत आले होते.

"कामावर असते, मॅडम!"