थोरलीची डबी

दोन्ही जावांनी गोळ्यांच्या डब्यांची अदलाबदल केली होती, हे डॉक्टर मॅडमना आज कळलं, आणि तेही सासूच्या तोंडून, भर वॉर्डात.

"चपलासुद्धा या दोघी एकमेकींच्या घालतात," कंबरेवर हात ठेवून सासू म्हणाली. "मी कधी चकार शब्द काढला का? पण औषध! थोरलीच्या वाट्याचं औषध धाकटीनं गिळलं आणि थोरली रिकाम्या हातानं खाटेवर पडलीय. आता मी कुठल्या तोंडानं त्या बाळाला मांडीवर घेऊ?"

धाकटी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर तीन आठवड्यांच्या बाळाला घेऊन अंग चोरून बसली होती. सकाळपासून तिनं दोनदा आत पाऊल टाकलं होतं आणि दोन्ही वेळा सासूच्या नजरेनं तिला परत धाडलं होतं. थोरली भिंतीकडे तोंड करून पडली होती. परवा तिचा रक्तदाब एकाएकी चढला, आणि आठव्या महिन्यात मेलेली मुलगी जन्माला आली.

मॅडम स्टूल ओढून खाटेशी बसल्या. गरोदरपणात रक्तदाब चढू नये म्हणून एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. निम्म्या बायकांच्या डबीत ते औषध आणि निम्म्यांच्या डबीत तशाच दिसणाऱ्या, तशाच लागणाऱ्या साध्या पिठीच्या गोळ्या. कोणाच्या डबीत काय, हे ना घेणारीला ठाऊक, ना देणाऱ्या मॅडमना. दोघी जावांना डब्या त्यांनीच दिल्या होत्या. उन्हात ठेवू नका, एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, सगळं बजावून सांगितलं होतं. एकमेकींच्या घेऊ नका, हे सांगायचं मात्र सुचलं नव्हतं.

"डब्या कधी बदलल्यात?" त्यांनी विचारलं.

"धाकटीचा रक्तदाब वाढला तेव्हा." थोरली भिंतीशीच बोलत होती. "तुम्ही तोंड एवढंसं केलं होतंत ना, त्या खेपेला. माझं तर झकास चाललं होतं. डोकं दुखायचं थांबलं होतं. म्हटलं, खरं औषध माझ्याच डबीत असणार. माझं भागतंय, तर तिला द्यायला काय हरकत? आणि उतरला की हो तिचा! पुढच्याच तपासणीला."

"आणि तिच्या गोळ्या?"

"मी घेतल्या. टाकणार कुठे? तुम्ही डबी रिकामी झाली का ते बघता."

मॅडमना रागवायला हवं होतं. दोघी बायका अभ्यासातून बाद झाल्या होत्या, त्यांच्यावर घेतलेली इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती. पण राग येईना.

"एक तरी वाचलं," थोरली पुटपुटली. "त्याला आणा ना आत. सासूबाई आणू देत नाहीत."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. धाकटी बाळाचं डोकं पदराआड झाकून बसली होती, चोरीचा माल लपवावा तशी. हे असंच राहिलं तर त्या घरात ते पोर जन्मभर दुसऱ्याचं खाऊन वाढलेलं ठरेल, एवढं त्यांना दिसत होतं. त्या उठल्या, जिन्यापाशी गेल्या आणि वरच्या मजल्यावर फोन लावला. कोणाच्या डबीत काय, याची यादी तिथल्या एकाच माणसाकडे असे. त्यानं आधी आढेवेढे घेतले. मूल दगावलंय, दोघी आता अभ्यासात नाहीत, असं त्यांनी सांगितल्यावर थोडा वेळ थांबायला लावून त्यानं उत्तर दिलं.

मॅडमच्या छातीवरचं ओझंच उतरलं. वाटेत त्यांनी धाकटीचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच खाटेपाशी आणून उभं केलं.

"ऐका, आजी. कोणी कोणाचं औषध गिळलेलं नाही. दोघींच्याही डब्यांत नुसत्या पिठीच्या गोळ्या होत्या. औषध कुठल्याच डबीत नव्हतं. धाकटीचा रक्तदाब आपोआप उतरला. अदलाबदल केली नसती तरी हेच झालं असतं."

सासूनं कंबरेवरचे हात खाली सोडले.

"मग खरं औषध कुणाच्या घरात गेलं?"

"ते मलाही माहीत नसतं."

"छान," सासू म्हणाली. "छान चाललंय तुमचं." आणि मग डोळ्यांतलं पाणी मनगटानं पुसून तिनं दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे. तीन आठवड्यांचा झाला आणि मान कशी धरलीस त्याची, बाई! पाडशील."

बाळ या हातातून त्या हातात गेलं. धाकटी ओक्साबोक्शी रडायला लागली आणि रडता रडता हसायलाही लागली. "ताई, ऐकलंस ना? माझ्यामुळे नाही. माझ्यामुळे नाही गं!" शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा उठून बसली आणि बाळाचं नाक कोणावर गेलंय ते सांगू लागली. मॅडमना वाटलं, चला, आज निदान एक काम तरी धड झालं.

सासूनं बाळाला थोरलीच्या उशाशी टेकवलं. "घे, बघ तुझा पुतण्या."

थोरली सकाळपासून पहिल्यांदाच या कुशीवर वळली. बाळाचा पाय दुपट्याबाहेर आला होता. तो आत घालायला तिनं हात पुढे नेला, आणि तो तसाच अधांतरी राहिला.

"म्हणजे मॅडम," ती म्हणाली, "याला मी काहीच दिलं नव्हतं."