सोनं दिसल्यावर

"वा, सुकवाराबाई! वन्स मोअर!" काठावरून कुणीतरी ओरडलं. सोनं शोधणाऱ्यांची गाणी ऐकायला ही हौशी मंडळी शहरातून गाडी करून आली होती. वाघनदीच्या गुडघाभर पाण्यात वाळू धूत उभ्या असलेल्या सुकवारानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

सोनझऱ्यांची रीत अशी, की ज्याच्या पाटीत सोनं दिसेल त्यानं गाणं थांबवायचं, म्हणजे बाकीच्यांनाही त्या जागेवर येऊन वाळू धुता येते. मघाशी सुकवाराच्या लाकडी पाटीत तांदळाच्या कणीएवढं सोनं चमकलं होतं. ते तिनं गुपचूप पदराच्या गाठीत बांधलं आणि ती गातच राहिली. पलीकडे तिची धाकटी जाऊ बिरजा आठ दिवसांपासून रिकामी पाटी हलवत होती.

"आज लय गोड गायलीस व बाई," बिरजा तिकडून म्हणाली. "मले तर भूकबी नाही आठवली."

सुकवारानं पुन्हा सूर लावला, पण शरमेनं तिचं गाणं अर्ध्यातच तुटलं. तशी बिरजा पाणी उडवत, हसत धावत आली.

"गवसलं काय व?"

सुकवारानं खाली मान घालून गाठ सोडली.

"मघाच," ती म्हणाली.